आंबा बागेतलं गवत आणि मुरमाचा रस्ता: कोणता मिनी ट्रॅक्टर?

कोकणातली पाच एकर बाग आणि गेटपासून घरापर्यंतचा मुरमाचा रस्ता, एवढ्यासाठी 24 ते 28 एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह मिनी ट्रॅक्टर घ्या. किंमत विचारण्याआधी पीटीओची, म्हणजे मागचं अवजार फिरवणाऱ्या शाफ्टची एचपी विचारा, कारण स्लॅशर (फिरत्या पात्यांनी गवत कापणारं अवजार) त्यावर चालतो. 18 एचपीचं इंजिन भाद्रपदातल्या कमरेएवढ्या ओल्या गवतात चार फुटी स्लॅशरला पुरत नाही. स्लॅशर मागच्या चाकांच्या बाहेरच्या मापापेक्षा थोडा रुंद हवा, नाहीतर चाकाखाली दबलेलं गवत दोन दिवसांनी पुन्हा उभं राहतं. गिअर आणि पीटीओला एकच क्लच असेल तर क्लच दाबल्यावरही फिरणारी पाती ट्रॅक्टर पुढे ढकलतात. झाडाच्या बुंध्याशी हे महागात पडतं, म्हणून स्वतंत्र पीटीओ बघा किंवा शाफ्टला ओव्हररनिंग क्लच लावा, तो पात्यांचा जोर उलटा ट्रॅक्टरकडे येऊ देत नाही. रस्त्याला लोडर (पुढची माल उचलणारी बादली) नको, मागे जोडायचं माती ओढणारं ब्लेड पुरे: पावसाळा सरताना, मुरमात ओल असतानाच ते तिरकं लावून कडेचा माल मध्यावर ओढा आणि मधोमध दोन-अडीच इंच उंचवटा ठेवा. कोरडा मुरूम नुसता उडतो, बसत नाही.

जमीन तीव्र उताराची किंवा गडग्यांनी (दगडी बांधांनी) तुटलेली असेल तर मात्र ट्रॅक्टर आडवा चालवू नका, उलटतो; तिथे हातात धरून चालवायचा ब्रश कटरच बरा.