फुलांची ग्रीटिंग कार्डं घरी करायचीत, वॉटरकलर घेऊ, मार्कर की कलर पेन्सिली? आणि काळी आउटलाइन केली तर बालिश दिसतं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, पण आधी दुसरा. काळी आउटलाइन बालिश दिसते हे तुम्हाला ज्याने सांगितलं त्याला चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड असणार, हो ना? आमच्याकडेही एक आहे. माझा सख्खा दादा. 'खऱ्या फुलाला कधी काळी बॉर्डर बघितलीस का गं' हे वाक्य मी सातवीपासून ऐकतेय.

चार वर्षांपूर्वी आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं झाली, तेव्हा मी जोशात येऊन म्हटलं छापील आमंत्रणं नकोत, मी करते. ६० कार्डं. ए-फोर साइजचे ३०० जीएसएमचे, म्हणजे चांगले जाड, ३० कागद आणले, अर्धे कापले, घडीच्या जागी संपलेल्या बॉलपेनने पट्टी धरून दाबून रेघ ओढली (हे केलं नाही तर जाड कागदाची घडी उसवल्यासारखी दिसते) आणि वर सोनचाफा, कारण आमच्या दारात तोच आहे. पेनने आउटलाइन, आत वॉटरकलर. ३८ झाली, झकास झाली, आणि वॉटरप्रूफ पेनाने मान टाकली. रात्रीचे साडेनऊ. कोपऱ्यावरचा दुकानदार शटर ओढता ओढता म्हणाला, 'सेमच आहे ताई, घेऊन जा.' घेतलं. त्या रात्री बसून उरलेल्या २२ च्या आउटलाइन काढून ठेवल्या.

सकाळी पहिल्या कार्डावर पिवळा लावला आणि पाकळीची काळी रेघ सुटली, निवांतपणे, चहात बिस्कीट विरघळावं तशी. पिवळ्यात काळा गेला की काय होतं माहितीये? हिरवा होतो. घाणेरडा, शेवाळी. दादा मागे उभा होता. म्हणाला, 'चाफा कुठंय, ही तर शेपूची जुडी.' आणि वर, 'तरी सांगत होतो आउटलाइन नको.'

चूक आउटलाइनची नव्हती हो, पेनाची होती! हे मी गेली चार वर्षं सांगतेय.

तर उरलेल्या २१ कार्डांना पाणी लावायचंच नाही असं ठरवलं आणि भाचीच्या कलर पेन्सिली घेतल्या. हलका हात, तीन थर. आधी फिकट पिवळा सगळीकडे, मग पाकळीच्या बुडाशी नारिंगी, मग जिथे एक पाकळी दुसरीखाली जाते तिथे जरासा तपकिरी. इअरबडला थेंबभर बेबी ऑइल लावून फिरवलं की पेन्सिलीच्या रेघा मोडून रंग गुळगुळीत होतो. तेल जास्त झालं तर मात्र मागच्या बाजूला पुरीच्या कागदासारखा डाग. माझी दोन गेली, ती घरच्यांना दिली. आणि कार्यक्रमाला दादाने सगळ्यांसमोर उचलून दाखवलेलं 'बघा हे काय छान झालंय' कार्ड पेन्सिलीचं होतं. काळ्या आउटलाइनसकट. शेपूवालं त्याने स्वतःच्या फ्रिजवर लावलंय, अजून आहे.

म्हणून माझं मत, पहिल्यांदाच करताय तर पेन्सिली. मार्कर लगेच घेऊ नका, एका फुलाला फिकट, मध्यम, गडद असे तीन शेड तरी लागतात, खिसा रिकामा होतो, शिवाय स्पिरिटवाला मार्कर कागदाच्या मागे झिरपतो, म्हणजे वेगळ्या गुळगुळीत कागदावर फूल रंगवा, कापा, मग कार्डावर चिकटवा. वॉटरकलरच्या खरखरीत कागदावर मार्कर नकोच, तो कागद शाई नुसती पितो. दादाने दिवाळीत २४ चा सेट आणून पांढरी शेवंती केली, पांढऱ्या कागदावर, अर्थात आउटलाइनशिवाय. ऑम्लेट झालं. मागे गडद रंग भरला असता तर पाकळ्या उठून दिसल्या असत्या, पण ए ग्रेडवाल्याला कोण सांगणार.

आता खरं सांगायचं तर वॉटरकलरमध्ये जास्वंद आउटलाइनशिवायच चांगली दिसते. एक पाकळी नुसत्या पाण्याने ओली करायची, चमक आहे तोवर लाल रंगातल्या ब्रशचं टोक फक्त देठाकडे टेकवायचं आणि ब्रश बाजूला ठेवायचा. रंग आपला आपण पसरतो. शिरा हव्यात तर पाण्याआधी मेणबत्तीच्या टोकाने ओढून घ्या, तिथे रंग धरत नाही. शेजारची पाकळी पहिली वाळल्यावरच, आणि पावसाळ्यात ती वाळता वाळत नाही. हे दादाला कळवायची गरज नाही.

आणि हो, राहिलंच. वॉटरप्रूफ पेन मार्करलाही टिकेल असं धरून चालू नका, पाण्याला न हलणारी शाई स्पिरिटने पसरू शकते. दुकानात काहीही सांगोत, आधी रद्दी तुकड्यावर रेघ मारा, वाळू द्या, वरून रंग फिरवून बघा. २२ काढायच्या आधी.