फोन वर झाले म्हणून घाबरू नकोस

अगं, तुझा मेसेज वाचला. प्रेझेंटेशन चालू असताना निम्मे लोक फोनमध्ये डोकं घालून बसले होते म्हणून तू नाराज झालीस, पण मान खाली घातलेला प्रत्येक जण कंटाळलेलाच असतो असं नाही ना, त्यातले काही जण तुझंच वाक्य पोस्ट करायला टाइप करत असतात. हे काही आजचं नाहीये. मार्च २००७ मध्ये साउथ बाय साउथवेस्ट या अमेरिकेतल्या मोठ्या महोत्सवात ट्विटरने मोठे स्क्रीन लावून तिथल्या लोकांची ट्विट्स दाखवली होती, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ख्रिस मेसिना नावाच्या एका ट्विटर वापरणाऱ्याने हॅशटॅगची, म्हणजे शब्दाआधी # लावायची, कल्पना मांडली आणि मग एका कार्यक्रमाबद्दलचं सगळं एका जागी सापडायला लागलं. आता तर स्टोरी, रील, लाइव्ह सगळंच आहे.

तू फक्त एवढं धरून चाल की तुझं बोलणं हॉलबाहेर अख्खं जात नाही, तुकड्यातुकड्यांनी जातं. एक फोटो, एक वाक्य, फार तर छोटीशी क्लिप. आणि ते बघणाऱ्याला तू आधी काय बोललीस, नंतर काय बोललीस, काहीच माहीत नसतं. म्हणून प्रत्येक स्लाइड एकटी बाहेर पडली तरी तिचा उलटा अर्थ निघणार नाही अशी बनव. ग्राफ असेल तर आकडे कशाचे, कुठल्या वर्षाचे, कुठून घेतले हे त्याच स्लाइडवर पाहिजे. "याला एक अट आहे, ती पुढच्या स्लाइडवर सांगते" असं अजिबात करू नकोस, कारण फोटो या स्लाइडचा निघतो आणि अट हॉलमध्येच राहते.

एकदा रिकाम्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बसून स्वतःच फोटो काढून बघ. अंधारात स्क्रीन भगभगीत येतो, बारीक राखाडी अक्षरं उडूनच जातात, आणि हॉल भरला की स्लाइडचा खालचा भाग पुढच्यांच्या डोक्यांमागे जातो, म्हणून नाव, हँडल (सोशल मीडियावरचं तुझं @ वालं नाव), हॅशटॅग वरच्या कोपऱ्यात टाक, आणि हो, प्रत्येक स्लाइडवर. क्लिक केलं की एकेक मुद्दा येतो ते ॲनिमेशन पण काढून टाक. पहिला मुद्दा आला की फोन वर, फोटो, फोन खाली, दुसरा आला की परत वर, शेवटी लोक वैतागतात आणि अर्धवट स्लाइडच पोस्ट होते. महत्त्वाच्या स्लाइडवर जरा थांबत जा, फोन खाली गेले की मग बोल.

मुख्य मुद्दा एका छोट्या वाक्यात बसव. ट्विटरवर, म्हणजे आताच्या एक्सवर, साध्या (पैसे न भरलेल्या) अकाउंटला २८० अक्षरांची मर्यादा आहे, आणि देवनागरीत काना-मात्रा पण वेगळ्या मोजल्या जातात, म्हणजे वाटतं त्यापेक्षा जागा कमीच.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. तू बोलत असताना मागच्या स्क्रीनवर लोकांच्या पोस्ट लाइव्ह दाखवायच्या असं आयोजक म्हणाले तर सरळ नाही म्हण. नोव्हेंबर २००९ मध्ये वेब २.० एक्स्पो या तंत्रज्ञान परिषदेत सोशल मीडियाच्या अभ्यासक डॅना बॉइड बोलत असताना हेच झालं, त्यांच्या पाठीमागे ट्विट्स येत होती, लोक हसत होते आणि त्यांना ते दिसतच नव्हतं. बोलणाऱ्याला जे दिसत नाही ते बाकी सगळ्यांना दाखवणं मला तरी अन्याय वाटतो. प्रश्नोत्तरांच्या वेळी दाखवू देत, तेव्हा तू पण वाचू शकतेस.

ज्या स्लाइडवरचं काम अजून प्रसिद्ध झालेलं नाही किंवा जिच्यात कुणाचा चेहरा आहे, त्या स्लाइडवर कॅमेऱ्यावर काट मारलेलं चिन्ह टाक आणि तोंडाने पण सांग. बहुतेक लोक ऐकतात. पण जे अजिबात बाहेर जायला नको ते स्लाइडवर आणूच नकोस.

आणि त्याच संध्याकाळी हॅशटॅग उघडून बस. चुकीचं वाक्य तुझ्या नावावर फिरत असेल तर न चिडता खाली बरोबर वाक्य लिही आणि पूर्ण स्लाइड्सची लिंक दे, ज्यांनी नीट लिहिलंय त्यांना थँक्यू म्हण. हे दोन दिवसांनी करून उपयोग नाही, तोवर ते शेअर होऊन लांब गेलेलं असतं.

पुढच्या प्रेझेंटेशनच्या स्लाइड्स झाल्या की पाठव, ग्राफवाल्या आधी बघते.