गाडीचा टेम्परेचरचा काटा मध्येच खाली पडतो, मध्येच लालला टेकतो. सेन्सर बदलू का?

लगेच नको. आधी कुलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, पातळी बघा, आणि तीही इंजिन पूर्ण गार असताना. गरम रेडिएटरचं झाकण उघडलंत तर उकळतं पाणी अंगावर येईल. पातळी कमी असली की सेन्सरभोवती कधी पाणी, कधी वाफ, मग काटा नाचणारच. तिथे दोष गळतीचा असतो.

पातळी ठीक असेल तर काट्याची चाल बघा. इंजिन क्षणात ४० अंश गार होत नाही, त्यामुळे झटक्यात उडी म्हणजे बहुधा वायरिंग. माझ्या गाडीला दोनदा नवा सेन्सर बसला, शेवटी कनेक्टरच्या एका पिनेवर हिरवट गंज निघाला! हायवेला काटा हळूहळू उतरून ट्रॅफिकमध्ये पुन्हा चढत असेल, तर थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे जाणारं कुलंट अडवणारी-सोडणारी झडप, बहुधा उघडा अडकलाय.

ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र, मिळाला तर उत्तम. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू न करता फक्त इग्निशन ऑन करा. कुलंट आणि आत येणारी हवा, दोन्हींचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. मल्टिमीटर असेल तर सेन्सरचा रोध (रेझिस्टन्स) मोजा: बऱ्याच गाड्यांत २० अंशाला दोन-अडीच हजार ओहम, ८० ला तीनशेच्या आसपास. स्कॅनरवर आकडा बरोबर आणि काटा चूक, तर डॅशबोर्डवरचा मीटर तपासा. काही जुन्या गाड्यांत काट्याचा सेन्सरच वेगळा असतो.

तोवर काटा लालला गेला की खरंच तापलंय असं धरून गाडी बाजूला घ्या.