पाण्याची वही

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तालमीच्या अभ्यासिकेत संध्याकाळी पोरांना बसवायचं काम तू अंगावर घेतलंस, हे वाचून फार बरं वाटलं. पोरांच्यात देशप्रेम कसं रुजवायचं, असं विचारलं आहेस. माझा अनुभव सांगतो.

२०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा नदी आमच्या कोल्हापुरातल्या गल्लीत आली. नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. मलाही होतं. पण मागच्या बोळातल्या आजींना चालता येत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं त्याच गल्लीत राहून! रात्री दोन पोरांनी त्यांना खुर्चीसकट उचलून बाहेर काढलं. त्यातला एक माझाच विद्यार्थी. उनाड म्हणून मी त्याचा नाद सोडला होता. त्या रात्रीनंतर तो न बोलवता यायला लागला. मी त्याला देशाबद्दल एक शब्दही सांगितला नव्हता. त्याच्या हाताला काम मिळालं होतं, आणि त्याच्यावाचून कुणाचं तरी अडलं होतं.

तेव्हापासून आम्ही वही ठेवतो. पावसाळ्यात रोज पाणी किती फुटांवर, ते एक पोरगं लिहितं. शेजारच्या पानावर घरं: कुठं म्हातारं माणूस, कुठं बाळंतीण, कुठं जनावरं, आणि पाणी चढलं तर कुणी कुणाकडं जायचं.

वहीतून प्रश्न आपोआप निघतात. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडतं कोण? कुणीच नाही, पाणी चढलं की ते स्वतःच उघडतात. मग धरण कुणी बांधायला घेतलं? तिथून शाहू महाराज येतात. १९०२ साली मागासलेल्यांसाठी नोकरीत निम्म्या जागा, १९१७ साली सक्तीचं मोफत शिक्षण. पोर शाळेत घातलं नाही तर आईबापाला महिन्याला एक रुपया दंड, हे ऐकून एक पोरगी अडूनच बसली. गरिबाला दंड कसला? तासभर वाद झाला. मी निकाल दिला नाही. तूही देऊ नकोस; राज्य कसं चालावं यावर पोरं भांडतात, तेव्हा ते राज्य त्यांना आपलं वाटत असतं.

गटार तुंबली तर नुसती कुरकुर नको. माहिती अधिकाराचा अर्ज पोरांकडूनच लिहून घे, तुझ्या नावानं, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. तीस दिवस मोजायला लाव. अठरा पूर्ण झालेल्याला मतदार नोंदणीचा सहा नंबरचा फॉर्म स्वतः भरू दे.

अवघड भाग वेगळाच आहे. घरफाळा तुझा थकलेला नको. निर्माल्याची पिशवी घेऊन नदीकडं निघालेल्या तुझ्याच दोस्ताला पोरांसमोर थांबवावं लागेल. तो चिडेल. तरी थांबव.

६ मे २०२२ ला, महाराजांच्या स्मृतिशताब्दीला, सकाळी दहा वाजता कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी उभं राहिलं. आमची पोरंही रस्त्यात उभी होती. नंतर ती वही घेऊन घरं फिरायला गेली, कारण पावसाळा महिन्यावर आला होता.

तूही जूनच्या आत तुमची गल्ली फिरून घे. पोरांना बरोबर ने. मागच्या बोळापासून सुरुवात कर.