जुन्या डी अँड डी मोहिमांत टॉल्किन शोधू नका

तुमची अडचण थोडक्यात अशी: 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (डी अँड डी) या गप्पांतून आणि फाशांनी खेळायच्या कल्पित साहसांच्या खेळाचं 'एक्स्पिडिशन टू द बॅरियर पीक्स' हे मॉड्यूल, म्हणजे छापील तयार मोहीम, चालवायला घेतलंत, डोंगरातल्या गुहेत धातूचं दार लागलं, आत रोबो निघाले आणि टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वर पोसलेली तुमची पार्टी (म्हणजे खेळाडूंचा गट) वैतागली. "ही फँटसी आहे की सायन्स फिक्शन?" हा त्यांचा सवाल रास्तच आहे. पण ते मॉड्यूल ज्या वाचनातून आलं, ते तुमच्या खेळाडूंच्या कपाटात नसावं.

डी अँड डीचा एक जनक गॅरी गायगॅक्स याने १९७९च्या 'डंजन मास्टर्स गाइड'ला (डंजन मास्टर म्हणजे खेळ चालवणारा) 'अपेंडिक्स एन' नावाची पुरवणी जोडली. आपण काय वाचून इथवर आलो, त्याची ती यादी. टॉल्किन तिच्यात आहे. मात्र सगळ्यात थेट प्रभाव म्हणून गायगॅक्स जी नावं बाजूला काढतो, त्यांत टॉल्किन नाही. तिथे आहेत डी कॅम्प आणि प्रॅट, रॉबर्ट ई. हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर, जॅक व्हॅन्स, लव्हक्राफ्ट आणि ए. मेरिट. हॉवर्ड आणि लव्हक्राफ्ट १९२३ साली सुरू झालेल्या 'वियर्ड टेल्स' मासिकाचे लेखक. तिथे चेटूक, परग्रहावरचा जीव आणि वाळूत गाडलेलं शहर शेजारी शेजारी नांदायचं, कुणी कुणाला ओळखपत्र विचारत नसे. गायगॅक्सने बॅरियर पीक्स १९७६च्या ओरिजिन्स या खेळांच्या संमेलनातल्या स्पर्धेसाठी लिहिलं (छापील आवृत्ती १९८०ची), तेव्हा डोंगरात कोसळलेलं यान घालताना फार विचार करावा लागला असेल असं मला वाटत नाही.

व्हॅन्सचं देणं तर रोज खेळात दिसतं. मंत्र एकदा म्हटला की डोक्यातून पुसला जातो, हा नियम व्हॅन्सच्या १९५०च्या 'द डाइंग अर्थ'मधला. तिथल्या मॅझिरियन नावाच्या जादूगाराच्या डोक्यात एका वेळी जबरदस्त मंत्र असले तर चार, हलके असले तर सहा, एवढेच मावतात. त्या जगात सूर्य विझायला आलाय आणि ज्ञानाच्या अशा चिंध्या चिंध्या होऊन गेल्यात. लायबरने शहर, चोर आणि चोरांची संघटना दिली. १९८०च्या 'डेइटीज अँड डेमिगॉड्स' या देवदेवतांच्या पुस्तकाच्या पहिल्या छपाईत तर लव्हक्राफ्टचा राक्षसी देव क्थुलूसुद्धा आकडेवारीसकट हजर होता, नंतरच्या छपायांत तो गेला. (त्याच पुस्तकात आपले इंद्र आणि अग्नीही आहेत. आणि 'मॉन्स्टर मॅन्युअल'मधला तो वाघतोंड्या राक्षस रामायणातून आलाय असं समजू नका, गायगॅक्सने तो एका अमेरिकन टीव्ही मालिकेत पाहिला होता.)

पण नियम आणि राक्षस ही वरवरची उसनवारी झाली. खरी उसनवारी आहे ती जागेकडे बघण्याच्या नजरेची. टॉल्किनकडे जगाला तुमची गरज असते. वियर्ड कथेतली जागा तुमच्या हजारो वर्षं आधीपासून तिथे असते आणि तुम्ही आलात काय, गेलात काय, तिला सोयरसुतक नसतं. तुम्ही तिथे जाता ते बहुधा लोभापायी, नाहीतर वाट चुकून.

हॉवर्डची 'रेड नेल्स' घ्या, १९३६ साली 'वियर्ड टेल्स'मध्ये क्रमशः आलेली. अख्खं शहर एकाच छपराखाली, बाहेर जंगल. आतल्या दोन टोळ्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. शत्रू मारला की काळ्या खांबात एक लाल खिळा ठोकायचा, एवढाच त्यांच्या जगण्याचा हिशेब. हॉवर्डचा नायक कोनन तिथे येतो तो पाहुणा म्हणून, तारणहार म्हणून नव्हे.

आता टॉम मोल्डव्हेचं 'द लॉस्ट सिटी' (१९८२) उघडा. वाळूच्या वादळात काफिला हरवतो, पाणी संपतं, समोर एक पिरॅमिड. आत सिनिडिसिया या बुडालेल्या शहरातल्या लोकांचे वंशज. भुयारातली अळंबी खाऊन हे लोक आपापल्या स्वप्नात जगतात आणि जनावरांचे, माणसांचे मुखवटे घालून फिरतात. पार्टीची गाठ अशा एकाशी पडते तेव्हा त्याला पार्टी दिसत असते की त्याच्या स्वप्नातलं कुणी, हे डंजन मास्टरने ठरवायचं. जुन्या तीन देवतांचे तीन पंथ आहेत, तिघांनाही झार्गॉन या राक्षसाला देव मानणारे पुजारी नकोत, पण एकमेकांशी त्यांचं पटत नाही. आणि झार्गॉनचं ते एक शिंग नष्ट झाल्याशिवाय तो कायमचा मरत नाही. 'रेड नेल्स' वाचलेल्याला इथे घरचा वास येईल.

याच मोल्डव्हेचं 'कॅसल अंबर' (१९८१) आणखी उघड आहे. उत्तरार्धात पार्टी थेट 'वियर्ड टेल्स'च्याच क्लार्क अ‍ॅश्टन स्मिथ या लेखकाच्या ॲव्हरॉइन या कल्पित फ्रेंच प्रांतात पोचते, प्रेतांपासून घडवलेल्या त्या महाकाय कोलोससकट. पूर्वार्धातलं वेड्या घराण्याचं घर मला जास्त आवडतं. नारायण धारपांच्या भयकथा वाचत मोठं झालेल्या कुणालाही तिथे काय करायचं ते सांगावं लागत नाही: दाराला हात लावायच्या आधी कान लावायचा.

आता तुमच्या टेबलाचं बघू. 'रोबो', 'लेझर', 'यान' हे शब्द डंजन मास्टरच्या तोंडून येताच कामा नयेत, निम्मा वैताग तिथूनच येतो. "काळी, गुळगुळीत, वीतभर वस्तू, एका टोकाला काच, दुसऱ्या टोकाला बोट बसेल असा खळगा" एवढंच सांगा आणि गप्प बसा. मॉड्यूलमध्ये खेळाडूंना दाखवायची चित्रं आणि वस्तू कशी चालते हे उलगडण्याचे तक्ते याचसाठी आहेत, ते वगळू नका. फासा चुकीचा पडून वस्तू हातातच फुटली तर फुटू द्या.

पार्टी नवी असेल तर मात्र बॅरियर पीक्स सध्या बाजूला ठेवा. ते आठव्या ते बाराव्या पातळीच्या पात्रांसाठी आहे. पहिली ते तिसरीसाठी लॉस्ट सिटी, तिसरी ते सहावीसाठी कॅसल अंबर. लॉस्ट सिटीचे खालचे मजले आणि भूगर्भातलं शहर पुस्तकात नुसतं रेखाटलेलं आहे, तेव्हा त्याची तयारी खेळाडू पिरॅमिडच्या वरच्या मजल्यांवर असतानाच सुरू करा.