आधारची झेरॉक्स, काउंटरवरचा नंबर आणि बाबांची रोकड

अक्कलकोटला लॉजवर काउंटरवरच्या मुलाने आम्हा चौघांच्या आधार कार्डांचे फोटो स्वतःच्या मोबाइलवर काढले. नाही म्हणायला हवं होतं का? – एक वाचक, सातारा

पाहुण्यांची नोंद लॉजला ठेवावीच लागते, त्यामुळे ओळखपत्र दाखवावं लागणारच. पण ते आधारच असलं पाहिजे असं नाही. वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र पुढे करा. आधारच द्यायचं तर मास्क्ड आधार द्या. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावरून ई-आधार उतरवून घेताना तो पर्याय निवडला की १२ पैकी पहिले ८ आकडे झाकले जातात. त्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. ज्याने कार्ड पाहिलं त्याला पासवर्डही कळला! हे ज्याला सुचलं त्याला कोपरापासून नमस्कार.

खरी गळती मात्र लॉजच्या आधीच सुरू होते. परवा एक प्रिंट काढायला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. "या नंबरवर टाका काका." टाकली. त्याच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप उघडंच होतं आणि डाउनलोडच्या फोल्डरात कुणाकुणाची आधार, पॅन, बारावीच्या मार्कशीट, एक सातबारासुद्धा. माझा कागद बाहेर येईपर्यंत तीन अनोळखी माणसांच्या जन्मतारखा माझ्या वाचून झाल्या. पोरगा सज्जन आहे, पण त्या कॉम्प्युटरवर दिवसभरात कोण कोण बसतं? म्हणून "डिलीट कर बाळा, रीसायकल बिनमधूनही" असं समोर उभं राहून म्हणायला लाजू नका. मी म्हणतो. रांगेतले मागचे वैतागतात, वैतागू देत.

आणखी एक काम घरी बसून करा. यूआयडीएआयच्या अधिकृत आधार अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक, म्हणजे बोटांच्या ठशांना कुलूप, लावा. आधार नंबर आणि बोटाचा ठसा यांवर बँकेतले पैसे काढता येतात, त्याला ओटीपी लागत नाही. जिथे बँकेची शाखा लांब आहे तिथे ही सोय मोलाची आहे. तुम्ही ती वापरत नसाल तर कुलूप लावलेलं बरं. गरजेला ते उघडता येतं.

कपड्यांच्या दुकानात "नंबर दिल्याशिवाय बिल निघत नाही" म्हणतात. खरं का? – एक वाचक, नाशिक

निघतं. नंबरासाठी गिऱ्हाइकाला अडवू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच विक्रेत्यांना बजावलं आहे. "नंबर देत नाही" एवढंच म्हणा आणि गप्प राहा. कारण सांगायला गेलात की वाद सुरू.

भावाने पाच हजारांच्या कर्जासाठी एक अ‍ॅप घेतलं. ते संपर्कयादी आणि फोटो पाहायची परवानगी मागतंय. द्यावी का? – एक वाचक, लातूर

अजिबात नाही. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने संपर्कयादी, फोटोंच्या फाइली, कॉलची नोंद यांना हात लावू नये, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. केवायसीपुरता कॅमेरा एकदा मागणं वेगळं. यादी हवी असते ती वसुलीसाठी: हप्ता चुकला की आत्याला, मामाला, ऑफिसातल्या साहेबांना फोन. परवानगी आधीच दिली असेल तर अ‍ॅप काढून टाकल्याने गेलेली यादी परत येत नाही. नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा. पैसे उकळले गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

बाबा ७२ वर्षांचे आहेत. यूपीआय नको म्हणतात, "सगळा हिशेब कुणाला तरी कळतो." त्यांना कसं समजवावं? – एक वाचक, ठाणे

आधी हे मान्य करा की बाबांचं चुकत नाही. नोट दिली की व्यवहार तिथेच संपतो. यूपीआयने दिलेल्या प्रत्येक रुपयाची नोंद बँकेत आणि अ‍ॅपकडे राहते. औषधं कुठून घेतली, देणगी कुणाला, सगळं तारखेनिशी. पण भाजीवालीच्या गाडीवरचा डबा "बीस रुपये प्राप्त हुए" म्हणतो तेव्हा तिची सुट्ट्यांची कटकट मिटलेली असते, हेही खरं.

मधला रस्ता असा. बचतीचं खातं बाजूला ठेवून दोन-तीन हजारांचं वेगळं खातं यूपीआयला जोडा. यूपीआय आयडीत मोबाइल नंबर असेल तर दुसरा आयडी बनवून घ्या. आणि पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही, हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फोनच्या कव्हरमध्ये ठेवा.

एवढं करूनही ते रोख देणार असतील तर देऊ दे. रिक्षावाल्याला द्यायला सुट्टे घरात कुणाकडे मिळतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे.