भोकाभोकांची चाळणी कधीपासून वापरतात? आधी लोक कशात गाळायचे?

चाळणी फारच जुनी आहे हो, स्टील तर अगदी काल-परवाचं. पोलंडमधे साधारण 7000 वर्षांपूर्वीचे भोकं असलेले मातीच्या भांड्यांचे तुकडे सापडलेत, त्यात काय करत असतील यावर बरेच अंदाज होते, मग 2012 मधे त्या खापरांत मुरलेल्या चरबीची तपासणी झाली आणि ती निघाली दुधाची, म्हणजे चीज करताना पाणी निथळायला वापरत असणार. आपल्याकडे हडप्पा, मोहेंजोदडोला पण अंगभर भोकं असलेले उंच रांजण मिळालेत, त्यांचा उपयोग मात्र अजून वादातच आहे, कोणी गाळणी म्हणतं कोणी धुपाटणं.

आणि गाळायला भांडंच लागतं असं थोडीच आहे! ऋग्वेदात सोमरस मेंढीच्या लोकरीतून गाळायचे, त्या गाळणीला नावच ‘पवित्र’. श्रीखंडाचा चक्का तर आपण अजून फडक्यातच बांधतो की.

आमच्या इंदूरच्या घरी आजीची बांबूची रोवळी होती, तांदूळ धुवून त्यातच निथळत ठेवायची, तळाच्या काड्यांत कणी अडकायची ती बोटानी ठोकून काढायची. आता ते काम स्टीलची चाळणी करते (इकडे छन्नी म्हणालात तरच दुकानदाराला कळतं). सकाळी पोहे त्यातच भिजवते, नळाखाली दोनदा फिरवायचे आणि तसेच दहा मिनिटं ठेवून द्यायचे, पातेल्यात भिजवले की लगदा झालाच म्हणून समजा.